सहा कांदे, 1,440 रुपये

गेल्या वर्षी मे अखेरीस लेकीकडे नेदरलँड्सला होतो. तिच्या गल्लीत घरांपुढच्या वाफ्यांत छातीएवढ्या दांड्यांवर जांभळे चेंडू डोलत होते. ॲलियम जायगँटियम म्हणे, शोभेचा कांदा, मूळचा मध्य आशियातला. डोक्यात बसला तो बसलाच.

नाशिकला परतल्यावर मोबाइलवर शोधला. 'जायंट ॲलियम, हॉलंड इम्पोर्टेड, कुंडीत हमखास फूल', सहा कंद 1,440 रुपये. थंडीचं काय, असं विचारलं तर विक्रेता लगेच म्हणाला, "निफाडला पारा केवढा उतरतो सर! तुमच्याकडे तर येणारच." आपल्या भागाचं कुणी नाव काढलं की आपण पाघळतो. पैसे आगाऊ भरले.

ऑक्टोबरमध्ये खोकं आलं. कंद भुशात पुरलेले, वर गुलाबी बुरशीनाशकाची भुकटी चोपडलेली, त्यामुळे त्याशिवाय दुसरा वासच लागेना. आकार लिंबापेक्षा जरासा मोठा. जायगँटियमचा फुलण्याजोगा कंद चांगला मुठीएवढा असतो; तिकडे कंद घेराच्या सेंटिमीटरवर विकतात आणि याचा घेर 20 च्या आसपास किंवा पुढेच असतो. हे मला नंतर समजलं.

हिचं माहेर लासलगावजवळचं. किंमत हिच्यापासून लपवली होती, म्हणून कुंड्या ही चार दिवस माहेरी गेली तेव्हा भरल्या. पात वितभर झाल्यावर हिने एक चिमटीत धरून मोडली. आतून पोकळ. "अहो, हा कांदा लावलाय तुम्ही." मी म्हटलं, विदेशी जात आहे, तुला नाही कळायचं. जायगँटियमची पानं चपटी, पट्ट्यासारखी असतात, नळीसारखी नसतात. ही एक गोष्ट मला ठाऊक असती तर दोन महिने घरात वाद घातला नसता.

जानेवारीत डेंगळे आले. मधे फुगलेला दांडा, टोकाला पांढरट गोंडा. निफाड-येवल्याकडे बियाण्याच्या शेतात दिसतात तेच.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: "ॲलियमच आहे सर. गूगल करा." केलं. कांद्याचं शास्त्रीय नाव ॲलियम सेपा. म्हणजे माणूस शब्दाला पक्का! 'हॉलंड' आणि 'जायंट'चं विचारल्यावर नंबर ब्लॉक. परत करायची मुदत सात दिवसांची आणि फूल यायला तीन महिने, यातच सगळी गोम आहे. जाहिरातीचं पान तोवर गायब. मी स्क्रीनशॉट काढला नव्हता. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला तर पहिला प्रश्न तोच, पुरावा काय? पैसे भरल्याची पावती तेवढी होती. त्यावर नुसतं 'गार्डन आयटम'.

तेव्हा घ्यायचेच असतील तर जाहिरात आधी जपून ठेवा, खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि नुसतं 'ॲलियम' नको, पूर्ण नाव आणि घेर लिहून मागा. 'ग्लोबमास्टर' या संकरित ॲलियमचं बी कुणी विकत असेल तर तिथूनच मागे फिरा. त्या संकराला बीच धरत नाही. निळ्या नि सप्तरंगी गोळ्यांचे फोटो तर सरळ रंगवलेले. आणि कंद खरा मिळाला तरी त्याला सलग दहा-बारा आठवडे कडक गारवा लागतो. निफाडची पहाट त्याला पुरत नाही, दुपारी ऊन असतंच. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंद-केळ्यांपासून लांब ठेवा, पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी खराब होते.

मेहुणा आला होता, त्याला शेवटी आकडा सांगावा लागला. तो आधी हिच्याकडे बघून हसला. "भाव पडला की एवढ्यात आमचा क्विंटल जातो, दाजी." मग कुंड्यांपाशी उकिडवा बसून एकेक गोंडा वाकवून पाहिला आणि म्हणाला, "उपटू नका. बी धरू द्या, मार्चमध्ये मी नेतो."

एका डेंगळ्याची हिने आधीच पिठलं करताना विल्हेवाट लावली होती. पाच आहेत.