ईजीटी प्रोब टर्बोच्या आधी लावायचा का नंतर? दोन्ही लावून बघितल्यावरचं माझं मत

गाडी चढाला ओढत नाही, मागून काळा धूर, आणि कूलंटचा काटा मात्र जागचा हलत नाही, अशा वेळी ईजीटी मीटर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान दाखवणारं मीटर, घ्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच पडतो, प्रोब (तापमान मोजणारी कांडी) टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र येतो त्या भागात, घालायचा का टर्बोच्या पुढं सायलेन्सरकडं जाणाऱ्या डाउनपाइपमध्ये. टर्बो म्हणजे याच वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. मी सुरुवातीला टर्बोनंतरचा लावला, वर्षभर वापरला, मग टर्बोच्या आधीचाही लावला आणि दोन महिने दोन्ही मीटर शेजारी शेजारी ठेवून गाडी चालवली, म्हणून लिहितोय.

माझी गाडी 2014 ची, अडीच लिटरची टर्बो डिझेल, फोर बाय फोर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. राहायला जुळे सोलापूर, शेत तुळजापूरच्या पुढं, म्हणजे महिन्यातून चार-पाचदा तुळजापूरचा घाट आलाच आणि बऱ्याचदा मागं छोटी ट्रॉली. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी 42-43 अंश, त्यात टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला थंड करायला बाहेर थंड हवाच नाही, हवा विरळ आणि डिझेल तेवढंच, मग तापमान चढणारच. पुण्या-मुंबईकडं जे दुखणं झाकून राहतं ते सोलापूरच्या उन्हात बाहेर येतं असं मला तरी वाटतं.

पोस्ट-टर्बो, म्हणजे टर्बोनंतरचा प्रोब, लावायची कारणं आजही मला पटतात. डाउनपाइप खोलला, सायलेन्सरवाल्याकडं नेला, भोक पाडून आट्यांचं सॉकेट वेल्ड करून घेतलं, जेवायच्या वेळेपर्यंत गाडी तयार. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) मॅनिफोल्डला हातच लावायचा नाही. आणि उद्या प्रोबचं टोक तुटलं तर ते सायलेन्सरमध्ये जाणार, टर्बोच्या पंख्यात नाही, तो पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्यात लोखंडाचा तुकडा गेला तर काय होईल ते सांगायला नको. ही भीती खरी आहे, कुणी त्यासाठी पोस्टच लावत असेल तर मी त्याला चुकीचं म्हणणार नाही.

पण मला वर्षभर छळलं ते बेरजेनं. पोस्ट लावला की सगळे सांगतात, आकड्यात दीडशे मिळवा म्हणजे टर्बोच्या आधीचं तापमान आलं. घाटात तिसऱ्या गियरमध्ये, समोर उसाचा ट्रॅक्टर, शेजारी घरचे, आणि मी मनात बेरीज करतोय, 490 अधिक 150, म्हणजे 640, ठीक आहे, जाऊ दे. आणि ती बेरीजच चुकीची निघाली, कारण टर्बाइन, म्हणजे टर्बोचा तो पंखा, गरम वायूतली शक्ती खाऊनच फिरतं, त्याला जितकं जास्त काम पडेल तितका आधीचा आणि नंतरचा फरक वाढतो. सपाट रस्त्याला सावकाश चालवताना माझ्या गाडीत हा फरक पन्नाससुद्धा नसायचा आणि घाटात दोनशेच्या पुढं जायचा. म्हणजे मिळवायचा आकडा नेमका तेव्हाच बदलतो जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

मागच्या उन्हाळ्यात ट्रॉलीत खताच्या बारा गोण्या होत्या, गाडी घाटात मेल्यासारखी चालली होती आणि पोस्टचा मीटर 500. मी म्हणलं तापमान तर बरं आहे, म्हणजे दुखणं दुसरीकडं असेल. एअर फिल्टर बदलला, इंटरकूलरची जाळी धुतली, मग इंजेक्टर काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या अण्णांकडं नेले. त्यांनी चारी इंजेक्टर मशिनवर लावले, फवारा दाखवला आणि म्हणाले, "इंजेक्टर चांगले आहेत ओ, उगं पैसे घालवू नका, हवा कुठं जातीय ते बघा." बरोबर बोलले होते, पण हवा जातीय हे मला मीटरवर कुठं दिसतच नव्हतं.

तेव्हा मग मॅनिफोल्डचं मनावर घेतलं. गाडीवर ठेवूनच भोक पाडणारे आहेत, ड्रिलला आणि टॅपला ग्रीस फासायचं म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो, मागून लोहचुंबक फिरवायचं, काम होतं असं म्हणतात. माझं धाडस झालं नाही, मी मॅनिफोल्ड खोलून लेथवाल्याकडं नेला. एक स्टड तुटला, तो काढण्यात अर्धा दिवस गेला, गॅस्केट नवं लागलं, खर्च पोस्टच्या तिप्पट तरी झाला. भोक कुठं पाडायचं हे मात्र आधी ठरवून जा, चारी सिलिंडरचे पाइप जिथं एक होतात तिथं, टर्बोच्या फ्लँजच्या अलीकडं. एकाच पाइपात पाडलं तर त्या एकाच सिलिंडरचं तापमान कळतं आणि दुसऱ्याचा इंजेक्टर टपकत असला तर पत्ता लागत नाही. टोक वायूच्या मधोमध यायला पाहिजे, भिंतीला टेकता कामा नये.

मग तोच घाट, तेवढंच वजन, दुपारचीच वेळ. प्री-टर्बो, म्हणजे मॅनिफोल्डमधला, 700 वर गेला, 730, 760, आणि मी पाय उचलला. पोस्ट त्याच वेळी 500. लांब चढाला टर्बोच्या आधी साधारण 700 च्या खाली राहावं असं सगळे धरून चालतात. अॅल्युमिनियम 660 ला वितळतं, पिस्टन काही लगेच तेवढा तापत नाही कारण खालून ऑइल त्याला थंड करत असतं, पण 760 वर घाटभर कुणी आपला पिस्टन ठेवू नये.

घरी आल्यावर इंटरकूलरच्या खालच्या होजला हात लावला तर बोटाला तेलकट काळं लागलं. क्लिपच्या अगदी कडेला, खालच्या बाजूला, वीतभर लांबून बघितलं तरी दिसणार नाही अशी बोटाच्या पेराएवढी चीर. इंजिन नुसतं चालू असताना ती मिटलेली असायची, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आला की होज फुगायचा आणि चीर तोंड उघडायची. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरवर रेग्युलेटर लावून एक बारची हवा भरली, साबणाचं पाणी मारलं, तिथं फुगेच फुगे. हवा बाहेर चालली होती, टर्बो ती भरून काढायला जास्त फिरत होता, जास्त फिरायला जास्त उष्णता खात होता, म्हणून पुढं बसलेल्या प्रोबला सगळं बरं दिसत होतं. नवीन होज टाकल्यावर त्याच घाटात प्री 640 आला आणि पोस्ट 470. एकात 120 चा फरक पडला, दुसऱ्यात फक्त 30. आकडे माझ्या एका गाडीचे आहेत, तुमच्या गाडीत वेगळे येतील, पण दुखणं शोधायला मीटर घेणार असाल तर माझ्यासाठी विषय तिथंच मिटला.

आणखी एक, गियर खाली टाकला की प्री-टर्बोचा काटा चार-पाच सेकंदांत उतरायला लागतो, कारण फेरे वाढून हवा जास्त मिळते. पोस्टला मधल्या टर्बोच्या लोखंडामुळं ते उशिरा कळतं. उलट घाट चढून तुळजापुरात गाडी उभी करताना, इंजिन कधी बंद करायचं हे मला पोस्टवरच जास्त भरवशाचं वाटायचं, कारण प्री पाय काढल्याबरोबर पडतो आणि टर्बो मात्र आत तापलेलाच असतो. आता मी सरळ दोन मिनिटं इंजिन चालू ठेवतो.

कुठलाही लावा, के टाइप प्रोबची (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा असतो तो) वायर मधेच तांब्याच्या साध्या वायरनं जोडू नका. बॉनेटखाली जोड 80 अंशावर आणि मीटर केबिनमध्ये 40 वर असेल तर मीटर तेवढे 40 अंश कमी दाखवणार, आणि आपण खूश. त्याच जातीची एक्स्टेन्शन वायर मागून घ्या, इथं मिळाली नाही तर ऑनलाइन मागवा.

गाडी शहरातच फिरत असेल, मागं ओढायला काही नसेल, किंवा मॅनिफोल्ड खोलायला भरवशाचा माणूस नसेल तर पोस्ट लावा, नसण्यापेक्षा कितीतरी बरा. डीपीएफवाली बीएस सिक्स असेल तर कशालाच भोक पाडू नका, सायलेन्सरमध्ये कंपनीचेच तापमान सेन्सर असतात, चांगल्या स्कॅनरवर त्यांचे आकडे दिसतात, वॉरंटीही शाबूत राहते. पण जुनी गाडी, ट्रॉली आणि घाट असं असेल तर एकदाच खर्च करून प्री-टर्बोच बसवून घ्यावा असं माझं मत. माझा पोस्टचा प्रोब मी काढून ठेवलाय, त्या सॉकेटला तांब्याचं वॉशर टाकून बोल्ट मारलाय, आणि येत्या उन्हाळ्याआधी दोन्ही होजच्या क्लिपा बदलायच्यात.