शाहूपुरीतील भाड्याचे कार्यालय : जागा उत्तम, सुरक्षा कागदावरच

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शाहूपुरीतील एका व्यापारी संकुलात दुसऱ्या मजल्यावरचे कार्यालय आम्ही करसल्ल्याच्या व्यवसायासाठी भाड्याने घेतले होते. लिव्ह अँड लायसन्स करार ३६ महिन्यांचा होता आणि त्यातले पहिले १८ महिने लॉक-इनचे, म्हणजे मध्येच जागा न सोडण्याच्या अटीचे होते. लॉक-इन संपण्याआधीच आम्ही जागा सोडली. भाडे, शेजार किंवा धंद्यातील चढउतार यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. इमारतीच्या सुरक्षेची अवस्था हे त्याचे एकमेव कारण होते. संकुलाचे आणि मालकांचे नाव देण्याचे टाळतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यानंतर अनेक वकील आणि सल्लागार शहरात कार्यालये शोधत आहेत. जागा पाहताना काय तपासावे, हे त्यांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जागेबद्दल तक्रार नाही. उजेड आणि वारा भरपूर, लिफ्ट चालू, पाण्याची अडचण नाही. कागल, गडहिंग्लज, पन्हाळा या बाजूंनी एसटीने येणाऱ्या पक्षकारांना पत्ता सांगावा लागत नसे. भाडेही त्या भागाच्या मानाने वाजवी होते.

करारात मात्र एक कलम होते, ज्यासाठी आम्ही भाड्याशिवाय दरमहा वेगळा मेंटेनन्स मालकांकडे भरत होतो : चोवीस तास सुरक्षारक्षक आणि सामाईक जागेत चालू स्थितीतील सीसीटीव्ही. आमच्या कपाटांत लोकांची खरेदीखते, बँकेचे उतारे आणि हिशेबाची पुस्तके असतात, त्यामुळे हे कलम आमच्यासाठी शोभेचे नव्हते. प्रत्यक्षात रात्री संपूर्ण संकुलाला एकच वयस्क वॉचमन होता. पाण्याची मोटर चालू-बंद करणे, तळमजल्यावरच्या गाड्या पुढेमागे करून देणे आणि पहाटे झाडलोट करणे ही कामेही त्याच्याच गळ्यात होती. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडे ना बॅटरी होती, ना अडचणीत कोणाला फोन करायचा याची यादी. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे; त्यानुसार एजन्सीला परवाना लागतो आणि रक्षकाचे प्रशिक्षण व पूर्वचारित्र्याची पडताळणी करावी लागते. आम्ही एजन्सीच्या परवान्याची प्रत मागितली, तेव्हा एजन्सीच नेमलेली नाही, माणूस ओळखीतून ठेवला आहे, असे उत्तर मिळाले.

खरा धोका मागच्या जिन्याचा होता. तो मागच्या बोळात उतरतो आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी शटर आहे. शटरची एका बाजूची पट्टी वाकलेली असल्यामुळे ते जमिनीपासून वीतभर वरच अडकत असे, आणि खालून हात घालून कोणीही ते उचलू शकत असे. आम्ही लक्ष वेधले, तेव्हा कुलूप घालून जिना कायमचा बंद करू, असा तोडगा पुढे आला. त्यालाही आमचा विरोध होता, कारण आग लागल्यास वरच्या मजल्यांवरील माणसांना उतरायला तोच दुसरा मार्ग आहे. तेथे आतून ढकलताच उघडणारे आणि बाहेरून न उघडणारे दार हवे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्याची प्रतही आम्हाला कधी दाखवण्यात आली नाही.

त्यानंतर एका रात्री आमच्या शेजारच्या कार्यालयाचा कडीकोयंडा उचकटून संगणक आणि रोकड नेण्यात आली. आमच्या दारावरही पहारीने उचकटल्याच्या खुणा होत्या, पण आतला बोल्ट टिकला. पोलीस पंचनाम्यासाठी आले आणि त्यांनी चित्रीकरण मागितले. पडद्यावर आठ चौकटी होत्या. त्यांतील तीन काळ्या होत्या, जिन्याचा कॅमेरा रंगकामानंतर भिंतीकडे वळलेला होता आणि यंत्राच्या हार्ड डिस्कवर गेल्या अनेक आठवड्यांचे काहीही साठलेले नव्हते. पडद्यावर दिसणारे चित्र साठवले जातच नव्हते, हे तोवर कोणीही तपासलेले नव्हते.

आम्ही मालकांना लेखी पत्र दिले. सुरक्षा हा गाळेधारकांच्या संघाचा विषय आहे, असे मालक म्हणाले. वर्गणी येत नाही, असे संघ म्हणाला. या टोलवाटोलवीत भाडेकरूने अडकू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. आमचा करार मालकांशी होता, मेंटेनन्स त्यांनीच घेतला होता आणि संघाशी आमचा कोणताही व्यवहार नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे. आमचा करार नोंदवलेला असल्याने सुरक्षेचे कलम कोणालाही नाकारता आले नाही.

दुरुस्तीसाठी ३० दिवसांची मुदत देऊन आम्ही वकिलांमार्फत नोटीस पाठवली आणि सोबत पंचनाम्याची प्रत व शटरची छायाचित्रे जोडली. मुदतीत फक्त एक कॅमेरा सरळ झाला. लॉक-इनचे उरलेले संपूर्ण भाडे द्यावे लागेल, असे मालकांचे उत्तर होते. त्यावर आमच्या वकिलांनी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ कडे लक्ष वेधले. करारात रक्कम लिहिलेली असली, तरी ती आपोआप पदरात पडत नाही. त्या मर्यादेत वाजवी ठरेल एवढीच भरपाई मिळते, आणि येथे तर मालकांनीच आधी आपली बाजू पाळलेली नव्हती. दोन्ही बाजूंना न्यायालयाची पायरी चढायची नव्हती. अखेर अनामतीतून एका महिन्याचे भाडे वजा करून बाकी रक्कम परत, असा समझोता ठरला आणि तो स्टॅम्पपेपरवर लिहून घेतला. या टप्प्यावर मालक सरळ वागले, हे नोंदवणे आवश्यक आहे : किल्ल्या घेतानाच त्यांनी धनादेश दिला आणि रंगकामाच्या नावाखाली काहीही कापले नाही. घरफाळ्याचा प्रश्न करारातच मालकांकडे असल्याने वाद उरला नाही. महावितरणच्या मीटरचे रीडिंग दोघांच्या सहीने घेतले. जीएसटी नोंदणीतील पत्ताही बदलला. त्याची मुदत बदलापासून १५ दिवसांची असते आणि स्थलांतराच्या धांदलीत ती हमखास विसरली जाते.

आता आम्ही राजारामपुरीत आहोत. भाडे थोडे जास्त आहे, पण सही करण्यापूर्वी आम्ही आधीच्या आठवड्यातील एका रात्रीचे चित्रीकरण प्रत्यक्ष चालवून पाहिले आणि सुरक्षेत कसूर झाल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, असे वाक्य करारात घालून घेतले. मालकांनी त्याला हरकत घेतली नाही.

शाहूपुरीतील त्या संकुलात मागच्या जिन्याला नवे दार बसल्याचे नुकतेच कळले आहे. रात्रीचा वॉचमन मात्र अजूनही एकटाच आहे. म्हणून दिवसा चालणाऱ्या आणि कागदपत्रे किंवा रोकड मागे न ठेवणाऱ्या व्यवसायाला मी ती जागा सुचवीन. वकील, सनदी लेखापाल किंवा सराफ यांना आजच्या स्थितीत सुचवणार नाही.