स्टूल कॅलप्रोटेक्टिन: अपेंडिक्स कापण्याआधीची चाचणी

शाळकरी पोराचं पोट उजवीकडे खाली महिनोन्‌महिने राहून राहून दुखतंय, सोनोग्राफीत अपेंडिक्स जरा जाड. अशा वेळी घरात लगेच ऑपरेशनच्या गोष्टी सुरू होतात. त्याआधी ही चाचणी करून घ्यावी, पाचपैकी चार गुण. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशींमधलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन शौचात उतरतं. सीआरपी या रक्तचाचणीवरून सूज अंगात कुठे आहे ते कळत नाही, इथे निदान आतड्यावर बोट ठेवता येतं.

निकाल 50 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली आला तर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकाळ सुजेच्या आजारांची शक्यता बरीच कमी होते, मग अपेंडिक्सकडे पुन्हा वळावं. 250 च्या वर गेला तर आधी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी), लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या बायॉप्सीसकट. कारण क्रोन्सने सीकम (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, अपेंडिक्स इथेच जोडलेलं असतं) सुजलेलं असताना अपेंडिक्स काढलं तर फिस्टुला (आतड्यातून बाहेर पडणारी नको ती वाट) होण्याची भीती असते. मधला आकडा आला की काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

एक गुण कापला तो चढ्या आकड्यासाठी. तो जुलाबाच्या संसर्गानेही चढतो, आतड्याच्या टीबीनेही (आपल्याकडे हा विसरून चालत नाही), सुजलेल्या अपेंडिक्सनेही. सगळ्यात फसवी आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर: पोट दुखतं म्हणून घरीच दिलेली गोळी आकडा वर नेते. डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे आधी बंद ठेवा. चार वर्षांखालच्या मुलांत आकडा मुळातच जास्त असतो.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा. डबीच्या झाकणाला चमचा असतो, वाटाण्याएवढा पुरे. कमोडचं पाणी किंवा लघवी लागू देऊ नका. नमुना तपासायला गोव्याबाहेर जाणार का, हे काउंटरवर विचाराच. पेडणे-काणकोणहून शनिवारी दिलेली डबी सोमवारपर्यंत तिथेच पडून राहू नये. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांच्या आत पोचवा.

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजमध्ये) दाखवायला जाताना रिपोर्टसोबत शाळेतल्या उंची-वजनाच्या नोंदी न्या. वाढ खुंटणं, तोंडात वारंवार फोड, रात्री जुलाबाने उठणं, गुदद्वाराजवळ गळू: हे क्रोन्सकडे बोट दाखवतं. मुलं लाजतात म्हणून गुदद्वाराची तपासणी हमखास राहते, ती डॉक्टरांना आठवण करून देऊन करून घ्या.

चाचणी पुन्हा करायची झाली तर लॅब तीच ठेवा. किट बदललं की आकडे जुळत नाहीत.