रुग्णवाहिका की शस्त्रक्रियागृह? बारावीनंतर पॅरामेडिकलकडे वळणाऱ्यांसाठी एक तुलना

बारावी विज्ञान झालेल्या मुलाने किंवा मुलीने ‘पॅरामेडिकलला प्रवेश घेतला’ असे सांगितले, तरी पुढे नेमके कोणते काम वाट्याला येणार हे त्यावरून कळत नाही. आपल्याकडे या एका शब्दात रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, डायलिसिसचे यंत्र सांभाळणारा, भूलतज्ज्ञाच्या हाताशी उभा राहणारा आणि रुग्णवाहिकेतून अपघाताच्या जागी पोहोचणारा असे सगळेच येतात. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात पॅरामेडिक म्हटले की रुग्णवाहिका सेवेतून घडलेला, स्वतंत्र निर्णय घेण्याचा अधिकार असलेला व्यावसायिक, एवढाच अर्थ होतो. तिकडचे चित्र पाहून रुग्णवाहिकेच्या ओढीने इकडचा अभ्यासक्रम निवडणाऱ्या विद्यार्थ्याची त्यामुळे फसगत होऊ शकते, आणि ती लक्षात येईपर्यंत दोन-तीन वर्षे गेलेली असतात.

येथे दोनच वाटांची तुलना केली आहे. एक वाट आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाची, म्हणजे ज्याला आपण ईएमटी म्हणतो त्याची, आणि दुसरी भूल व शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाची, म्हणजे बोलीत ‘ओटी टेक्निशियन’ची. या दोघांच्या हातातले कौशल्य बरेचसे सारखे आहे. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू, सक्शन, सलाइन आणि मॉनिटरवरचे आकडे यांच्याशी दोघांचाही रोजचा संबंध येतो. संबद्ध (‘अलाइड’) व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यानेही या दोघांना शल्यक्रिया, भूल आणि आघातोपचार यांच्या एकाच गटात ठेवले आहे. कौशल्य एवढे जवळचे असूनही नोकरीची बाजारपेठ मात्र दोघांची अगदी वेगळी आहे.

प्रशिक्षणाचा विचार करताना प्रथम कालावधी पाहावा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा परावैद्यक, म्हणजे पॅरामेडिकल, तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते. भूल आणि शस्त्रक्रियागृह या शाखा त्यात शिकवल्या जातात. ईएमटीसाठी कौशल्य विकास योजनांखालचे काही महिन्यांचे अभ्यासक्रम सहज मिळतात आणि लवकर कमावते होण्याची गरज असलेल्या घरांतून त्यांना पसंतीही मिळते. परंतु वर उल्लेखिलेल्या कायद्यानुसार संबद्ध आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण अपेक्षित आहे. काही महिन्यांचे प्रमाणपत्र या मोजपट्टीवर टिकत नाही. नोंदणीची पद्धत जसजशी कडक होत जाईल, तसतसे असे प्रमाणपत्र हाती असलेला माणूस अनुभव असूनही कागदावर मागे पडेल, म्हणून ते एकमेव पात्रता म्हणून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. परिचारिका, फार्मसीचा पदवीधर किंवा ओटी टेक्निशियन यांनी जोडशिक्षण म्हणून ते जरूर घ्यावे.

कालावधीपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे हात कोणावर बसतो. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची, हे पुतळ्यावर नीट शिकता येते. परंतु बेशुद्ध माणसाच्या तोंडावर मास्क घट्ट बसवून फुगा दाबताना छाती वर येते की नाही, हे जिवंत माणसाशिवाय उमगत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात हा अनुभव एका दिवसात अनेकदा मिळतो. भूलतज्ज्ञ शेजारी असतो, चूक लगेच दुरुस्त होते, आणि सकाळी भूलयंत्राची गळती तपासण्यापासून योग्य मापाची नळी काढून ठेवण्यापर्यंत सर्व कामांना एक शिस्त असते. परदेशातील पॅरामेडिकच्या विद्यार्थ्यांनाही श्वासमार्गाची कौशल्ये शिकण्यासाठी शस्त्रक्रियागृहात पाठवले जाते, ते याच कारणाने. याउलट, चेपलेल्या गाडीतून मान न हलवता माणूस बाहेर कसा काढायचा, चालत्या वाहनात प्रसूती झाली तर बाळ आणि आई या दोघांना कसे सांभाळायचे, किंवा अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर कसे उतरवायचे, हे शस्त्रक्रियागृहात कधीच शिकता येणार नाही. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला एकच प्रश्न विचारावा: प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते आणि त्या रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास चालतो का? याचे उत्तर गोलमोल मिळाले, तर पुढची चौकशी करण्यात अर्थ नाही. संस्था आरोग्य विद्यापीठाशी किंवा राज्याच्या कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळाशी संलग्न आहे की नाही, हेही विद्यापीठाच्या वा मंडळाच्या यादीत स्वतः पडताळावे. माहितीपत्रकावर विसंबू नये.

आता मागणीकडे वळतो, कारण निर्णय खरा येथेच ठरतो. महाराष्ट्रात १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक सुविधांच्या. हे आकडे पाहून प्रत्येक गाडीमागे पाळीप्रमाणे दोन-तीन तंत्रज्ञ लागत असतील असा हिशेब विद्यार्थी मनात करतो, परंतु ही सेवा ज्या आराखड्यावर उभी राहिली त्यात रुग्णाशेजारची जागा तंत्रज्ञाची नव्हे, डॉक्टरची आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचे पदवीधर डॉक्टर आपत्कालीन प्रशिक्षण घेऊन गाडीत बसतात आणि गाडी चालवणाऱ्याला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. मधली जागा, जी इतरत्र पॅरामेडिकची असते, ती येथे जवळजवळ नाहीच.

गोव्यातील चित्र वेगळे आहे. तेथे २००८ पासून १०८ सेवा चालते ती हैदराबादला १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झालेल्या नमुन्यावर. त्या नमुन्यात गाडीत ईएमटी असतो आणि डॉक्टर नियंत्रण कक्षातून त्याला फोनवर मार्गदर्शन करतो. सिंधुदुर्गात बांद्याच्या अलीकडे छातीत दुखू लागलेल्या माणसाकडे डॉक्टर येईल आणि पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्यात गेल्यावर तशाच रुग्णाकडे तंत्रज्ञ येईल. यांत रुग्णाच्या दृष्टीने कोणता नमुना सरस, हा वेगळा विषय आहे, आणि महाराष्ट्राच्या नमुन्यामागेही सबळ कारणे आहेत. परंतु ईएमटी होऊ इच्छिणाऱ्याने एवढे पक्के लक्षात ठेवावे की त्याच्या नोकऱ्यांची संख्या अपघातांच्या संख्येवर ठरत नाही, गाडीत कोणी बसावे हे सरकार कंत्राटात काय लिहिते यावर ठरते. महाराष्ट्रात राहून हे काम करायचे, तर खासगी रुग्णालयांच्या कार्डियाक रुग्णवाहिका, अपघात विभाग, विमानतळ, मोठे क्रीडा सोहळे आणि औद्योगिक वसाहतींतील कारखाने एवढेच क्षेत्र उरते. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष ठेवण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच घातले होते, त्यामुळे रासायनिक पट्ट्यात अशा जागा असतात. त्या थोड्या असल्या तरी पाळ्या ठरलेल्या असतात, म्हणून त्या दुर्लक्षू नयेत.

ओटी टेक्निशियनची मागणी शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबर वाढते आणि ती तालुक्याच्या गावापर्यंत पसरलेली आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे पूर्वी पैशाअभावी टळणाऱ्या शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ लागल्या, आणि त्यांना लागणारे हातही तेथेच लागतात. या वाटेतील दुखणे मात्र उघडपणे सांगायला हवे. अनेक छोट्या रुग्णालयांत या जागेवर शिकून-शिकवून तयार केलेला, कोणतीही पदविका नसलेला माणूस काम करतो, आणि त्याच्या पगाराकडे बोट दाखवून पदवीधरालाही कमी रकमेवर थांबवले जाते. पदवीचे मोल मोठ्या रुग्णालयांत, ट्रस्टच्या संस्थांत आणि सरकारी भरतीत होते. म्हणून ही वाट धरणाऱ्याने सुरुवातीची काही वर्षे शहरात काढण्याची तयारी ठेवावी.

परदेशाचा विचार असणाऱ्यांना ब्रिटनमध्ये दोन्ही वाटांचे दार एकाच कार्यालयात उघडते. पॅरामेडिक आणि शस्त्रक्रियागृहातील व्यावसायिक या दोघांची नोंदणी एकच परिषद करते, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून पॅरामेडिकसाठी तेथे पदवी हीच किमान पातळी मानली जाते. ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०१८ पासून पॅरामेडिकची नोंदणी राष्ट्रीय पातळीवर होते. अल्पमुदतीच्या भारतीय प्रमाणपत्राला या दारात किंमत नाही.

समाधानाबद्दल बोलताना मी अधिक सावध राहीन, कारण येथे माणसाचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. रुग्णवाहिकेतल्या माणसाला निर्णयाचे स्वातंत्र्य मिळते, प्रत्येक कॉल निराळा असतो आणि आपण पोहोचलो म्हणून माणूस वाचला, हे क्वचित का होईना डोळ्यांनी दिसते. परंतु बहुतेक वेळा रुग्ण कॅज्युअल्टीत सोपवला, सही घेतली की त्याची गोष्ट तेथेच तुटते. तो जगला की गेला हे कळतही नाही. त्यात उशिराबद्दल जमावाचा राग पहिल्यांदा गाडीतल्यावर निघतो. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा परावैद्यक कर्मचाऱ्यांनाही संरक्षण देतो, तरी रस्त्यावर रात्री दोन वाजता त्या कायद्याचा आधार फार दूर वाटतो. पाठ आणि गुडघे लवकर कुरकुरू लागतात, आणि नोकरी बहुधा कंत्राटी असल्याने कंत्राटदार बदलला की सेवाज्येष्ठतेचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

पगार आणि मान मिळाला की हे सारे सुटेल असे वाटत असेल, तर ब्रिटनकडे पाहावे. तेथे पदवी, कायद्याने राखलेले नाव आणि ठरलेली वेतनश्रेणी हे सर्व असूनही डिसेंबर २०२२ मध्ये रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी संप केला. रुग्णालयाबाहेर गाड्यांच्या रांगा लागायच्या आणि रुग्णाला आत घेतले जाईपर्यंत पूर्ण पाळी दारात उभे राहण्यात जायची, ही त्यांची वेदना पगाराच्या मागणीइतकीच खरी होती. मात्र तेथील पॅरामेडिकला एक शिडी उपलब्ध आहे: पुढील शिक्षण घेऊन तो फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात रुग्ण तपासू शकतो, आणि २०१८ पासून पात्रता मिळवून स्वतः औषधेही लिहून देऊ शकतो. थकलेल्या माणसाला व्यवसाय न सोडता काम बदलता येणे ही मला पगाराहून मोठी सोय वाटते. आपल्या ईएमटीला अशी दुसरी पायरी अजून मिळालेली नाही, आणि माझ्या मते त्याच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

शस्त्रक्रियागृहात काम नियोजित असते, सहकारी ठरलेले असतात, आणि भुलेतून जागा होणारा रुग्ण समोर दिसतो. तातडीच्या सिझेरियनसाठी मध्यरात्री बोलावणे येते, सुई टोचण्याचा धोका असतो, तासन्तास उभे राहावे लागते. नातेवाईक सर्जनचे पाय धरतात. भूलयंत्र तपासणाऱ्याचे नाव त्यांच्या कानी कधी येत नाही. निर्णय नेहमी दुसऱ्याचा असतो. ज्याला हे खुपते तो येथे कोमेजतो, आणि ज्याला नीटनेटक्या तयारीत आनंद वाटतो तो पंचवीस वर्षे सुखाने काम करतो.

घरची परिस्थिती बेताची असेल आणि गावाजवळच राहायचे असेल, तर मी भूल व शस्त्रक्रियागृहाची पदवी सुचवीन. गोव्यात किंवा ईएमटी नेमणाऱ्या अन्य राज्यांत जाण्याची तयारी असेल आणि रस्त्यावरच्या कामाचीच ओढ असेल, तर ती ओढ दाबू नये. मात्र आधी पदवी घ्यावी आणि आपत्कालीन प्रशिक्षण तिच्यावर जोडावे. अजूनही मन ठरत नसेल, तर जवळच्या जिल्हा रुग्णालयात परवानगी घेऊन शनिवारची एक रात्र अपघात विभागाच्या दाराशी काढावी. गाडीतून रुग्ण उतरवणारे हात आणि त्याला आत शस्त्रक्रियेसाठी तयार करणारे हात, दोन्ही तेथून दिसतात.