व्हेनिसहून क्रूझ घेताय? हॉटेल ठरवताना मीटर नको, पूल मोजा

बुकिंगच्या साइटवर लिहिलं होतं, 'रियाल्तो पुलापासून ३५० मीटर'. (रियाल्तो म्हणजे व्हेनिसच्या ऐन मध्यावरचा पूल.) साडेतीनशे मीटर म्हणजे आपण कोपऱ्यावर भाजी आणायला जातो तेवढं, असं म्हणून मी पैसे भरून मोकळी झाले. बोटीतून रियाल्तोच्या थांब्यावर उतरल्यावर कळलं, की त्या साडेतीनशे मीटरांत तीन पूल आहेत. आणि व्हेनिसचा पूल म्हणजे कमानदार, पायऱ्यांचा. पंधरा पायऱ्या वर, पंधरा खाली. आमच्याकडे तेवीस किलोच्या दोन बॅगा, एक केबिन बॅग आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. नवऱ्याने एक बॅग पुलापलीकडे न्यायची, मी तिच्यापाशी उभं राहायचं, त्याने दुसरीसाठी मागे जायचं, मग आईंना हात द्यायला पुन्हा मागे. वाघ, शेळी आणि गवताचं कोडं सोडवतोय असंच वाटत होतं. तिसऱ्या पुलावर आई कठडा धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "काय रे, इथली माणसं म्हातारी होत नाहीत का?"

त्याच क्रूझवर माझे दीर आणि जाऊबाईही होत्या. त्यांनी मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या अलीकडे जमिनीवर, स्टेशनसमोर खोली घेतली होती. परत आल्यावरची एक रात्र आम्ही सगळेच सांता लुचिया, म्हणजे खुद्द व्हेनिस बेटावरच्या स्टेशनच्या शेजारी राहिलो. त्यामुळे तिन्ही पर्याय एकाच प्रवासात पारखून झाले. जहाजावर सात दिवस जेवणाच्या टेबलाशी याच विषयावर वाद चालला, त्याचा हा निकाल. निकाल माझा आहे, जाऊबाईंना तो मान्य नाही.

हॉटेलच्या आधी जहाजाचा धक्का बघा

ब्रोशरवर 'व्हेनिस' छापलेलं असतं, म्हणून जहाज व्हेनिसमधून सुटेलच असं नाही. पूर्वी सुटायचं. अजस्र जहाजं सान मार्कोच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकासमोरून, ज्युडेक्का कालव्यातून आत यायची. २०१९ च्या जूनमध्ये त्यातलंच एक ताबा सुटून धक्क्यावर आणि तिथे उभ्या असलेल्या पर्यटक बोटीवर आदळलं. विरोध आधीपासून होताच, तो आणखी पेटला. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या सरकारने २५,००० टनांहून मोठ्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब जहाजांना त्या कालव्यात बंदी केली. आपण ज्या क्रूझ घेतो त्यातली जवळपास सगळीच जहाजं या बंदीत येतात.

मग ती लागतात कुठे? काही मार्घेराला, म्हणजे मेस्त्रेला लागून असलेल्या औद्योगिक बंदरात. काही त्रिएस्तेला. काही रावेन्नाला, आणि ते व्हेनिसपासून रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. लहान जहाजं आणि पो नदीतल्या क्रूझ मात्र अजूनही खुद्द शहरातल्या धक्क्यांवर येतात. तिकिटावर धक्क्याचं नाव असतं. नसेल तर एजंटला विचारा आणि 'व्हेनिस पोर्ट' एवढ्या उत्तरावर त्याला सोडू नका.

त्रिएस्ते असेल, तर आदली रात्र सरळ त्रिएस्तेलाच काढा. व्हेनिसहून रेल्वेने साधारण दोन तास लागतात, आणि तिथला धक्का शहराच्या मुख्य चौकाला खेटून आहे, म्हणजे हॉटेलातून चालत जहाजावर. व्हेनिस त्याच्या आदल्या दिवशी बघून घ्या. रावेन्ना असेल आणि कंपनीची बस व्हेनिसच्या विमानतळावरून किंवा शहराच्या वेशीवरून मिळत असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. आमचं जहाज मार्घेराहून होतं.

'वेशीवर' म्हणजे कुठे

व्हेनिसचा नकाशा डोक्यात बसवायला एक गोष्ट पुरते. जमिनीवरून एकच पूल बेटावर येतो, त्यावर रेल्वेही आणि रस्ताही. रेल्वे सांता लुचिया स्टेशनात संपते आणि रस्ता पियात्साले रोमा नावाच्या चौकात. त्यापुढे चाक नाही. टॅक्सी नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा चालवू देत नाहीत. पुढे बोट किंवा पाय. शंभराहून जास्त बेटं, चारशेहून जास्त पूल.

पत्त्यांचंही ऐका. पुण्यात जुन्या लोकांचा पत्ता कसा असतो, घर नंबर आणि सदाशिव पेठ, बास. गल्ली तुम्ही शोधा. व्हेनिसचं तंतोतंत तसं. सहा पेठा आहेत: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. घरांचे नंबर पेठेगणिक हजारांत जातात आणि त्यांवरून रस्ता कळत नाही. म्हणून हॉटेलच्या पत्त्यात 'सान मार्को' दिसलं म्हणून चौक शेजारीच आहे असं धरू नका. जवळचा बोटीचा थांबा कोणता आणि तिथून मध्ये पूल किती, हे दोनच प्रश्न कामाचे.

शहराच्या पोटात: रियाल्तो, सान मार्को

तक्रार करून झाली, आता दुसरी बाजू. रात्री दहानंतर दिवसभराचे पाहुणे निघून जातात आणि शहर अचानक आपल्या मालकीचं होतं. गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज. खिडकीखालून एखादी बोट जाते तेव्हा पाणी भिंतीवर चुबुक चुबुक आपटतं. पहाटे सहाला मी एकटीच सान मार्कोच्या चौकात गेले. झाडणारा एक माणूस, कबुतरं आणि मी. हे मेस्त्रेला राहून मिळत नाही, आणि जाऊबाईंनी कितीही सांगितलं तरी पहाटेची पहिली गाडी पकडून त्या काही आल्या नव्हत्या.

आणखी एक कारण आहे, जे मला जहाजावर चढल्यावर कळलं. मार्घेराहून निघालेलं जहाज आता सान मार्कोसमोरून जातच नाही. ते खाडीच्या दक्षिणेकडून, मालामोक्कोच्या तोंडातून समुद्रात शिरतं. डेकवर कॅमेरे सरसावून उभ्या असलेल्या लोकांना दिसतात त्या टाक्या, क्रेनी आणि लांबवर एखादा मनोरा. जुन्या फोटोंत डेकवरून दिसणारं ते दृश्य ज्यांना बघायचंय, त्यांना शहरात पायी हिंडण्यावाचून इलाज नाही.

पण किंमत मोजावी लागते. खोल्या लहान, इमारती शेकडो वर्षांच्या, त्यामुळे लिफ्ट असेलच असं नाही. आमच्या हॉटेलात ती नव्हती, आणि 'पहिला मजला' म्हणजे दोन जिने निघाले. निघायच्या सकाळी तर खरी परीक्षा. सगळं सामान पुन्हा त्याच तीन पुलांवरून, मग गर्दीच्या बोटीतून पियात्साले रोमापर्यंत, आणि तिथून टॅक्सीने पूल ओलांडून परत जमिनीवर मार्घेराला. म्हणजे जिथे दीर-जाऊबाई आरामात नाश्ता करत बसले होते, त्यांच्याच दाराशी आम्ही घामाघूम होऊन पोचलो.

यातून सुटका हवी असेल तर पैसे लागतात. पाण्यावरची खासगी टॅक्सी हॉटेलच्या दाराशी लागत असेल, तर ती पुलांचा प्रश्नच मिटवते. विमानतळापासून तिचं भाडं शंभर युरोंच्या पुढेच जातं. चौघांत वाटून घेतलं आणि एखाद्या आजींचे गुडघे हिशेबात धरले, तर ते मला आता महाग वाटत नाही. विमानतळावरून येणाऱ्या सार्वजनिक बोटी स्वस्त आहेत, पण सान मार्कोला यायला तासाहून जास्त लागतो आणि थांब्यापासून पुढचे पूल तुमचे तुम्हीच.

शरदात किंवा हिवाळ्यात जाणार असाल तर सान मार्कोबद्दल एक सावधगिरी. हा शहराचा सगळ्यात सखल भाग. समुद्राच्या तोंडावरचे मोझे नावाचे दरवाजे २०२० च्या ऑक्टोबरपासून मोठी भरती अडवतात, २०१९ च्या नोव्हेंबरसारखी १८७ सेंटिमीटरची भरती आता शहरात शिरू नये म्हणून. (हे आकडे भरतीच्या उंचीचे, रस्त्यावर साचलेल्या पाण्याचे नव्हेत.) पण ते साधारण ११० सेंटिमीटरचा अंदाज असला की वर येतात, आणि चौकात त्याच्या आधीच घोटाभर पाणी होऊ शकतं. चाकांच्या बॅगेला घोटाभर पुष्कळ झालं.

मेस्त्रे

मेस्त्रेबद्दल इंटरनेटवर लोक नाकं मुरडतात. सुंदर नाहीच ते. डोंबिवलीला कोणी निसर्ग बघायला जातं का? स्टेशनसमोर हॉटेलांची रांग, दाराशी टॅक्सी, खोल्या मोठ्या, लिफ्टही आणि तेवढ्याच पैशांत दीड पट जागा. व्हेनिसला जायला दर थोड्या मिनिटांनी लोकल, दहा-बारा मिनिटांचा रस्ता, तिकीट दीड युरोच्या आसपास. कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात ते छापून घ्यायचं विसरू नका. शिवाय ट्राम आणि बस थेट पियात्साले रोमाला जातात.

जाऊबाईंचा हुकमी एक्का मात्र जेवण. मेस्त्रे आणि मार्घेरात बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती आहे. बरेच जण इथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात कामाला. त्यामुळे स्टेशनच्या आसपास तांदूळ, मसूर, भेंडी, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. त्या एका दुकानात गेल्या, तर मालकाने हिंदीत विचारलं, "दीदी, बंबई से?" मग काय, त्या संध्याकाळी त्यांनी गरम डाळ-भात खाल्ला आणि आम्ही रियाल्तोजवळ नुसतं टेबलाशी बसण्याचेही पैसे लावलेला गार पास्ता. हा मुद्दा मी हरले.

पैशांच्या बाबतीत एक गैरसमज खोडून टाकते. व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशकर लावला आहे, पाच युरो. २०२५ मध्ये ऐनवेळी काढणाऱ्यांना दहा. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, त्यामुळे तिथल्या हॉटेलात राहणाऱ्यांना तो माफ आहे. माफीची नोंद मात्र ऑनलाइन करून ठेवावी लागते. रावेन्ना किंवा पादुआला राहून येणाऱ्यांना ही सूट नाही. हॉटेलचा माणशी, रात्रीगणिक कर वेगळा. तो बेटावर आणि मेस्त्रेला दोन्हीकडे लागतो आणि बहुतेक वेळा काउंटरवरच मागतात.

मेस्त्रेत एकच पथ्य: स्टेशनपासून लांबचं स्वस्त हॉटेल घेऊ नका. बसच्या दोन बदल्या केल्या की वाचलेले पैसे आणि वाचलेला वेळ दोन्ही जातात.

स्टेशनची बाजू

सांता लुचियातून बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनाल, शहराचा मुख्य कालवा. मागे एक पायरी ओलांडून रेल्वे आणि पुढे पाणी, हे पहिल्यांदा बघताना आई स्टेशनच्या पायऱ्यांवरच बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. डावीकडे वळलं की लिस्ता दी स्पान्या नावाचा रस्ता. बाजारू आहे, मुखवट्यांची दुकानं आणि पिझ्झ्याचे तुकडे. पण सपाट आहे! स्टेशनपासून गुल्ये पुलापर्यंत एकही पूल नाही. तिथली हॉटेलं म्हणजे बॅग सरळ ओढत न्या.

इथून पियात्साले रोमाला जायचं असेल तर स्टेशनच्या उजवीकडे काचेचा, देखणा कॉन्स्तितुत्सियोने पूल दिसतो. २००८ मध्ये झाला, वास्तुकार सांतियागो कालात्रावा. दिसायला छान, सामान घेऊन जायला नको. पायऱ्या विषम आणि पावसात निसरड्या. त्यापेक्षा स्टेशनसमोरून बोटीने एक थांबा जा. बोटीचं तिकीट साडेनऊ युरो आहे हे ऐकून जीव कळवळतो, पण ज्याने कंबर धरून बसायचं नाही त्याने ते काढावं. नाहीतर उलट करा: पियात्साले रोमाच्या चौकातलंच हॉटेल घ्या. मग शून्य पूल, विमानतळाची बस दाराशी, टॅक्सी दाराशी, आणि जुन्या क्रूझ धक्क्यावर नेणारी छोटी स्वयंचलित गाडी चौकाच्या कडेलाच. काही कंपन्यांचं चेक-इन आजही त्या जुन्या धक्क्यावर होतं आणि तिथून बसने जहाजापर्यंत नेतात. तुमचं तसं असेल तर या चौकाला तोड नाही.

संध्याकाळी इथून सान मार्कोला एक नंबरची बोट घ्या. ती ग्रँड कॅनालभर प्रत्येक थांबा घेत रमतगमत जाते, आणि सामान खोलीत असल्यामुळे आपणही रमतगमत जातो.

आता माझं मत. दोघंच असाल, पाठीवर एकेक सॅक आणि दोन रात्री हातात असतील, तर शहराच्या पोटात राहा आणि पहाटे उठा. एकच रात्र, मोठ्या बॅगा आणि बरोबर आई-वडील असतील, तर लिस्ता दी स्पान्या किंवा पियात्साले रोमा. विमान रात्री उशिरा उतरत असेल आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मार्घेराहून जहाज असेल, तर मेस्त्रे, आणि व्हेनिस परतताना. दीर म्हणतात, तिन्हीपेक्षा स्वस्त म्हणजे बॅग लहान करा. पण ते सात दिवसांत दोनच शर्ट घालणारे गृहस्थ आहेत.

बुकिंग करण्याआधी हॉटेलला एक ओळीची ईमेल टाका: बोटीच्या थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत पायऱ्यांचे पूल किती? उत्तर चटकन आणि आकड्यात आलं तर चांगलं. 'अगदी जवळ आहे' असं आलं, तर दुसरं हॉटेल बघा. आकडा आलाच, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्यापासून सुरू होते की एक जिना चढल्यावर?