बोटीची टिन वायर खारपाणपट्ट्यात वापरली : तारेले पाच स्टार, सोबतच्या फुकट लगले शून्य

मरीन वायर म्हणजे काय ते इथं बहुतेकांना माहीत आहे, तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेवर कथलाचा थर, तेवढं सोडून पुढचं सांगतो. 2.5 स्क्वेअर एमएम, दोन कोर (एकाच सालीत दोन वायरी). आमचा साडू रेवदंड्याले राहते, त्यानं त्याच्या छोट्या फायबरच्या होडीच्या लाइटसाठी अख्खा रोल मागवला अन् उरलेला अर्धा माझ्या गळ्यात मारला. भाव ऐकूनच पोटात गोळा आला, साध्या वायरीत ट्रॅक्टर-ट्रॉली दोन्ही होऊन पैसे उरले असते.

आम्ही दर्यापूरकडचे, इथं कुठला समुद्र, पण पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात बोरचं पाणी समुद्राचं धाकटं भावंडच आहे. ट्रॉली धुतली की वाळल्यावर पांढरा थर. म्हणून म्हटलं ट्रॉलीच्या लाइटले लावून पाहू.

पावसाळा सरता सरता डावा टेललाइट मंद झाला, मग बंदच. दोन स्टार ठोकणार होतो. विकणाऱ्याले फोटो पाठवले तर म्हणे वायर ओके आहे सर, फिटिंग बघा. डोकंच फिरलं, काऊन की लग (वायरीच्या टोकाले दाबून बसवायचे तांब्याचे तुकडे) त्याच्याच पाकिटातले होते, फ्री म्हणून दिलेले!

मग बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली अन् जॉइंट खोलला. वायर मधातून कापली, आतून चकचकीत. साध्या वायरीत पाणी तारांच्या फटीतून आत चढते, हातभर साल काढली तरी काळीच निघते, हे सगळ्यांनी भोगलं आहे. इथं तसं काहीच नाही. पण लग हिरवा, पॉझिटिव्हवाल्याचा तर पार भुगा, निगेटिव्ह बराच शाबूत. साडूनं फोनवर उलगडा केला, खाऱ्या पाण्यातून दोन टोकांमधी करंट झिरपते अन् पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळत जाते. म्हणजे लगवर कथिल नाही अन् जॉइंटवरच्या स्लीव्हमधी (तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी) ग्लू नाही. वायर ओके म्हणणारा खरा निघाला अन् माल त्याचाच भिकार, आता कोणावर चिडू?

ग्लूचं मात्र नीट ऐका. ग्लूवाली हीट श्रिंक स्लीव्ह तापवली की दोन्ही तोंडांतून गोंदाचा थेंब बाहेर येते, नाही आला तर पाणी आत जाणारच. फुकटची स्लीव्ह नुसती आवळते. काळी टेप तर मे महिन्याच्या 45 डिग्रीत स्वतःच घसरते. अन् गावातले काही मिस्त्री वरून सिलिकॉन थापतात, त्याले व्हिनेगरसारखा आंबट वास असला तर लावू देऊ नका, सुकताना आम्ल सुटते अन् तांबं खाते. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. नुसता सोल्डरही नको, थरथरीनं वायर सोल्डर संपते तिथंच तुटते, लग बरोबर पक्कडीनंच दाबायचा.

जाड वायर घेऊन साडूनं पैसे उडवले असं वाटत होतं, ते आता मागं घेतो. ट्रॉलीचा 18 वॅटचा लाइट, दीड अँपिअर, बॅटरीपासून 10 मीटर, जाऊन-येऊन 20. दीड स्क्वेअर एमएमची वायर असती तर 0.4 व्होल्ट वाटेतच गेले असते, हिच्यात 0.25 च्या आसपास जातात. बोटीच्या दिशादर्शक लाइटले (डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा) 12 व्होल्टवर 3 टक्के, म्हणजे 0.36 पर्यंतच घट चालते.

त्याच्या होडीतलं अजून एक उचललं. बॉडी फायबरची, तिथून अर्थ (करंटची परतीची वाट) मिळतच नाही, म्हणून प्रत्येक लाइटची निगेटिव्ह वायर वेगळी परत आणलेली. ट्रॉलीतही तेच केलं, गंजक्या चेसिसच्या अर्थवर भरवसा बंद. फ्यूज लाइटजवळ नाही, बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, बोटवाले तर 7 इंचांच्या आत लावतात, काऊन की फ्यूज वायर जळू नये म्हणून असते, लाइटसाठी नाही.

कथिलवाले लग अन् ग्लूच्या स्लीव्ह अकोल्याहून आणल्या, तेव्हापासून लाइट ठणठणीत. साडूच्या होडीतही वायरीची तक्रार नाही, पण त्यानं ते फ्री पाकीट पहिल्याच दिवशी फेकलं होतं अन् मले सांगितलं नाही बाप्पा. विकणाऱ्यानं भरपाई म्हणून कूपन पाठवलं, ते चालते फक्त त्याच लगवर.