कॅन्ससचं ॲलन फील्डहाऊस: आधी दोन पानं, मग चषक

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचं बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान म्हणजे लॉरेन्स गावातलं ॲलन फील्डहाऊस. इथे येणारे बहुतेक जण थेट तिथल्या संग्रहालयात, म्हणजे बूथ हॉलमध्ये शिरतात आणि चषकांपुढे फोटो काढत बसतात. क्रम उलटा ठेवा. आधी लागूनच असलेलं डिब्रूस सेंटर. प्रवेश दोन्हीकडे फुकट.

तिथे काचेमागे टाइप केलेली दोन पानं आहेत: जेम्स नेस्मिथ यांचे बास्केटबॉलचे डिसेंबर 1891 चे मूळ 13 नियम. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी डेव्हिड बूथ यांनी 2010 च्या लिलावात ती सुमारे 43 लाख डॉलरना घेतली. घाई न करता वाचा. ड्रिबलिंगचं, म्हणजे चेंडू आपटत पळण्याचं, नावही नाही. चेंडू जिथे पकडला तिथूनच फेकायचा. समोरच्यांनी एकही फाउल न करता तुमच्या संघाने लागोपाठ तीन केले, तर त्यांना एक गोल बहाल! 15-15 मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती.

हे वाचलं की बूथ हॉलमधला इतिहास नीट लागतो. खेळ शोधणारे नेस्मिथ कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक, आणि जिंकल्यापेक्षा जास्त हरलेले तिथले एकमेव: 55 विजय, 60 पराभव. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं त्यांचं मत. ते खोटं ठरवलं त्यांच्याच शिष्याने, फॉग ॲलन यांनी. ‘फॉगहॉर्न’सारख्या, म्हणजे भोंग्यासारख्या आवाजामुळे पडलेलं हे नाव. ॲलन यांच्याकडे खेळलेले ॲडॉल्फ रप पुढे प्रशिक्षक म्हणून केंटकी विद्यापीठात 876 सामने जिंकले, डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलिनात 879. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेची (एनसीएए) नुसती विजेतेपदं मोजलीत तर कॅन्सस चारवर थांबतं (1952, 1988, 2008, 2022) आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए विद्यापीठ 11 वर. गायकीसारखं घराणं म्हणून बघितलंत तर तोड नाही. त्या घराण्याची एक बोचरी बाजूही आहे: जॉन मॅक्लेंडन नेस्मिथ यांच्याकडे शिकले, पण कृष्णवर्णीय म्हणून त्यांना संघात खेळता आलं नाही.

आता मैदान. 1 मार्च 1955 ला उघडलं, क्षमता 2024 पर्यंत 16,300, आता 15,300. 2017 मध्ये इथे 130.4 डेसिबलचा विक्रमी गलका नोंदला गेला. लहान मूल सोबत असेल तर कानाला संरक्षण हवंच. पाहुण्या संघाची नावं पुकारताना विद्यार्थी चक्क वर्तमानपत्र उघडून वाचत बसतात, मग त्याचेच तुकडे उधळतात. सामन्याच्या शेवटी ‘रॉक चॉक’ या विद्यापीठाच्या घोषणेचा संथ घोष मात्र विजय नक्की झाल्यावरच. पाच गुणांची आघाडी असताना उत्साहाने सुरू केलात तर आजूबाजूचे वळून बघतील.

सामन्याच्या दिवशी संग्रहालय निवांत बघायची आशा सोडा, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

आणि छतातल्या पताका मोजताना 2018 ची, राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम चार संघांत पोहोचल्याची पताका शोधू नका. अपात्र खेळाडूमुळे त्या मोसमातले 15 विजय 2023 मध्ये रद्द झाले, आणि पताका खाली आली.